कुत्रा विव्हळत नाही आणि जेवतोही नीट; मग त्याला दुखते आहे हे ओळखायचे कसे?

तुम्ही साताऱ्याहून लिहिले आहे की, तुमचा दहा वर्षांचा लॅब्राडॉर गेले तीन-चार महिने जिना चढायचे टाळतो, सकाळी उठताना वेळ घेतो आणि संध्याकाळी गच्चीवर यायचे त्याने सोडून दिले आहे. पण तो कधी विव्हळत नाही, शेपटी हलवतो, भांड्यातले सगळे संपवतो, म्हणून घरातली वडीलधारी मंडळी ‘वय झाले, आता असेच चालायचे’ असे म्हणतात. डॉक्टरांनी दिलेल्या एका इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी तो आपणहून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला, मात्र दोन दिवसांत पुन्हा पहिल्यासारखा झाला, तेव्हा औषधाचा काही उपयोग नाही असे तुम्ही ठरवले. आता तुमचा प्रश्न असा की, त्याला खरोखर वेदना आहेत का, आणि असतील तर घरातली अंगदुखीची गोळी अर्धी करून द्यावी का. जाता जाता तुम्ही तेरा वर्षांच्या मांजरीचाही उल्लेख केला आहे, की ती हल्ली कपाटावर चढत नाही आणि फार शांत झाली आहे.

गोळीचे उत्तर आधी देते: देऊ नका, अर्धीही नाही आणि पावही नाही. त्याची कारणे पुढे सविस्तर लिहिली आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर, जनावर प्रत्यक्ष न पाहता जेवढे सांगता येते तेवढे, असे आहे की त्याला वेदना असण्याची शक्यता फार मोठी आहे. तुम्हाला जे औषधाचे अपयश वाटले, तोच तुमच्या हकिकतीतला सर्वांत भक्कम पुरावा आहे. वेदनाशामकाच्या एका इंजेक्शनचा परिणाम साधारणपणे एक दिवस टिकतो, आणि नेमका त्याच दिवशी तुमचा कुत्रा जिना चढला. वय एका दिवसापुरते कमी होत नाही; वेदना मात्र होते. डॉक्टरांच्या इंजेक्शनाने काम केले, ते फक्त पुढे चालू राहिले नाही.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत अडचण हीच असते की, आपण ओरडण्याची वाट पाहत बसतो. पायावर दुचाकी गेली, काटा रुतला, कान पिळवटला, तर कुत्रा ओरडतो. ती अचानक उठलेली कळ असते. पण महिनोन्‌महिने चालणारे दुखणे प्राणी अंगावर काढतो आणि ते अंगावर काढताना आपले वागणे थोडे थोडे बदलत नेतो. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना हे स्पष्ट नोंदवले की, बोलून सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे असे नव्हे, आणि त्यात माणसांबरोबर इतर प्राण्यांचाही उल्लेख केला. म्हणून मी मालकांना ‘तो रडतो का’ असे विचारत नाही. ‘सहा महिन्यांपूर्वी तो जे करत होता, त्यातले आता काय करत नाही’ असे विचारते. तुमच्या पत्रात या प्रश्नाची तीन उत्तरे आधीच आहेत: जिना, गच्ची आणि सकाळचे झटकन उठणे.

आता त्याच्या उठण्याकडे नीट पाहा, कारण खुबा किंवा गुडघा दुखणारा कुत्रा तिथेच सर्वांत जास्त सांगून जातो. निरोगी कुत्रा मागच्या पायांनी रेटा देऊन उठतो. दुखणारा कुत्रा आधी पुढच्या पायांवर छाती उचलतो, थोडा थांबतो, मग पुढच्या पायांनी स्वतःला ओढत मागचा भाग वर आणतो. त्यात एखादा मागचा पंजा फरशीवरून बाहेर घसरतो, तो पुन्हा जवळ घेतो आणि पहिली चार-पाच पावले आखडलेली टाकतो. काही मिनिटांत चाल मोकळी होते, आणि ‘बघा, आता ठीक चालतो आहे’ असे म्हणून घरचे निर्धास्त होतात. बसताना तो एक मागचा पाय बाजूला सोडून बसतो किंवा भिंतीला टेकतो. पळताना दोन्ही मागचे पाय एकदम उचलतो. मागच्या मांड्यांवरून दोन्ही हात एकाच वेळी फिरवलेत तर एका बाजूचा स्नायू दुसरीपेक्षा रोडावलेला लागेल. मागच्या पंज्यांच्या नखांची टोके पुढून घासलेली असतील, तर तो पाय ओढत आहे असे समजा. एकच सांधा सतत चाटणे, रात्री पुन्हापुन्हा जागा बदलणे, उष्मा नसताना धापणे आणि मुलांनी पाठीवर हात ठेवताच उठून जाणे, या सगळ्याही खुणाच आहेत.

जेवणाचा पुरावा मात्र विचारात घेऊ नका, लॅब्राडॉरच्या बाबतीत तर मुळीच नाही. दाढेला पू झालेले कुत्रेसुद्धा एका बाजूने चावत पोटभर जेवतात, आणि शेपटी हलवणे हा तुमच्याविषयीच्या मायेचा भाग आहे, तब्येतीचा अहवाल नव्हे. भूक गेल्यावर दवाखाना गाठायचा असे ठरवले तर आपण फार उशिरा पोहोचतो. दुखणे फार काळ तसेच राहिले की मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होते, मग साधा स्पर्शही टोचू लागतो आणि तेच औषध पूर्वीइतके लागू पडत नाही.

इथपर्यंत मी खात्रीने लिहिले. यापुढचे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते तपासणीनेच ठरेल. दहा वर्षांच्या, वजनदार लॅब्राडॉरमध्ये सांध्यांची झीज हे सर्वांत सामान्य कारण असते, आणि तिच्या मुळाशी बहुधा खुब्याची आनुवंशिक सैल घडण किंवा गुडघ्यातील अस्थिबंध फाटणे असते. पण तोच जिना टाळणारा कुत्रा मणक्याच्या आजाराचाही असू शकतो, हृदयाच्या आजाराने थकणारा असू शकतो किंवा थायरॉइड मंदावलेलाही असू शकतो. मोठ्या जातींत हाडाचा कर्करोगही होतो. एखाद्या लांब हाडाच्या टोकाला घट्ट, दाबल्यावर दुखणारी सूज असेल तर एक-एक आठवडा वाट पाहू नये. पंजा उलटा पडत असेल आणि तरी तो दुखत नसेल, तर सांधा सोडून नसांकडे पाहावे लागते.

आपल्या हवेत आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे गोचीड ताप. त्यात सांधे सुजतात, कुत्रा आखडून चालतो, कधी आज हा पाय तर उद्या तो पाय लंगडतो, आणि त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट घटलेल्या असतात. अशा कुत्र्याला नुसते वेदनाशामक दिले तर मूळ आजार झाकला जातो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसनेही अंग दुखते आणि त्यात मूत्रपिंडे आधीच संकटात असतात. म्हणून कोणतीही वेदनाशामकाची गोळी रोजची सुरू करण्यापूर्वी रक्ताची संपूर्ण तपासणी, प्लेटलेट, मूत्रपिंडांची स्थिती सांगणारे क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या करून घ्या, असा माझा आग्रह असतो. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

दवाखान्यात नेण्याआधी घरीच मोबाइलवर चित्रण करा. अनोळखी वासांनी आणि भीतीने कुत्रा तिथे इतका सावध होतो की घरी लंगडणारा पाय टेबलाजवळ सरळ पडतो. रात्रभराच्या झोपेनंतरचे उठणे, घसरत नाही अशा जमिनीवर समोरून, मागून आणि बाजूने चालणे, चार-पाच पायऱ्या चढणे आणि खाली बसणे, एवढे दोन मिनिटांत टिपता येते. पुढच्या पायाचे दुखणे असेल तर तो पाय टेकताना डोके वर उचलले जाते, हेही त्या चित्रणात दिसते. तपासताना मी न दुखणाऱ्या पायापासून सुरुवात करते आणि हात सांध्यावर असला तरी नजर चेहऱ्यावर ठेवते. धापणारा कुत्रा खुबा मागे ताणताच तोंड मिटून श्वास रोखतो, ओठ चाटतो किंवा मान वळवून माझ्या हाताकडे पाहतो. ओरडणारे कुत्रे त्या मानाने थोडेच. तुमचे डॉक्टर तपासत असताना तुम्हीही त्याच्या तोंडाकडे पाहा.

आता गोळ्यांविषयी. आपल्या घरांतल्या अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅक असते, आणि त्यासोबत बहुधा पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक माणूस ज्या मात्रेत सहज पचवतो, त्याच मात्रेत कुत्र्याच्या जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. मांजरीच्या यकृताला पॅरासिटामॉल निर्विष करून बाहेर टाकणे जवळजवळ जमतच नाही. तिच्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि ५०० मिलीग्रॅमची एकच गोळी तिचा जीव घेऊ शकते. चुकून पोटात गेलीच तर लक्षणांची वाट न पाहता त्याच तासात दवाखाना गाठा, कारण त्यावर उतारा आहे पण तो लवकर द्यावा लागतो. वेदनेवर चोळायचा बामही नको. प्राणी तो चाटतो, आणि त्यातला कापूर व सॅलिसिलेट पोटात जातात.

‘मग डॉक्टर देतात ते मेलॉक्सिकॅम माणसांच्या दुकानातही मिळते, तेच आणू का’ असे पुढे विचारले जाते, म्हणून तेही सांगते. आपल्याकडे जनावरांसाठी हे औषध रुळले त्यामागे गिधाडांची कहाणी आहे: डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली, २००६ मध्ये सरकारने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवरही आणली, आणि गिधाडांना अपाय न करणारा पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आले. औषध चांगले आहे, पण मात्रा अतिशय नाजूक आहे. माणसांसाठीची ७.५ मिलीग्रॅमची गोळी चार किलोच्या मांजरीला रोज द्यायच्या मात्रेच्या तीसपटींहून अधिक होते. कुत्र्यामांजरांसाठीचे पातळ औषध वजनाच्या खुणा असलेल्या सिरिंजने मोजून देतात, ते याचसाठी.

तपासण्या ठीक आल्या तर तुमचे डॉक्टर बहुधा याच गटातले औषध, म्हणजे मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन किंवा फिरोकॉक्सिब, दोन ते चार आठवडे रोज देतील. ही एक प्रकारे तपासणीसुद्धा आहे: औषध चालू असताना जिना, गच्ची आणि सकाळचे उठणे परत आले तर निदान पक्के होते. औषध जेवणानंतर द्या. उलटी झाली, भूक मंदावली, जुलाब झाले किंवा विष्ठा डांबरासारखी काळी दिसली तर त्या दिवसापासून थांबवा आणि फोन करा. या गटातली दोन औषधे एकत्र कधीही देऊ नयेत आणि स्टिरॉइडसोबत तर नाहीच. म्हणून आधीचे इंजेक्शन नेमके कोणते होते ते त्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते स्टिरॉइड असेल तर नवे औषध सुरू करण्यापूर्वी काही दिवसांचे अंतर ठेवावे लागते. औषध लांबले तर काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावे.

एवढ्याने भागले नाही तर जोडीला गॅबापेन्टिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध देता येते. त्याने सुरुवातीला गुंगी येते, ती बहुधा ओसरते. माणसांसाठीच्या त्याच्या पातळ औषधात कधी कधी झायलिटॉल ही गोडी असते आणि ती कुत्र्यांना विषारी आहे, म्हणून गोळी किंवा कॅप्सूलच घ्यावी. ट्रॅमाडॉलच्या गोळ्या मी कुत्र्यांच्या सांधेदुखीसाठी सहसा लिहीत नाही, कारण वेदना खरोखर शमवणारा घटक कुत्र्याच्या शरीरात त्यांपासून फारच थोडा तयार होतो. माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांचा सांध्यांना उपयोग होतो, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. हळद-दुधाने मात्र एवढे दुखणे आवरत नाही, आणि दुधाने वजन वाढते.

वजन हा तुमच्या कुत्र्याच्या बाबतीतला सर्वांत मोठा उपाय आहे, आणि तो पूर्णपणे तुमच्या हातात आहे. तुम्ही ४१ किलो लिहिले आहे; बहुतेक लॅब्राडॉर २५ ते ३६ किलोंत बसतात. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर पिल्लूपणापासून सुमारे १४ वर्षे चाललेल्या एका अभ्यासात, एकाच विणीतल्या जोडीपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले गेले. कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले आणि त्यांच्या सांध्यांची झीज पुष्कळ उशिरा सुरू झाली. स्थूल आणि सांधेदुखी असलेल्या कुत्र्यांचे वजन साधारण ६ टक्क्यांनी उतरले तरी लंगडणे स्पष्ट कमी होते, म्हणजे तुमच्याकडे फक्त अडीच किलो. ते आठवड्याला एक-दोन टक्क्यांच्या वेगाने उतरवा. त्यासाठी चहाबरोबरची बिस्किटे, उरलेली पोळी आणि प्रत्येकाच्या ताटातला एक-एक घास हे सगळे आधी थांबावे लागेल. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना समोर बसवून समजावा, कारण हा घास मायेने दिला जातो आणि तो थांबवणे सर्वांत कठीण असते. कोरडे खाणे वाटीने न घेता वजनकाट्यावर मोजा. बरगड्यांवरून हलके बोट फिरवल्यावर त्या सहज लागायला हव्यात. आत्ता त्या शोधाव्या लागत असतील.

घरातली गुळगुळीत फरशी ही दुखऱ्या सांध्याची मोठी शत्रू आहे. त्याच्या रोजच्या वाटेवर, विशेषतः पाण्याच्या भांड्यापाशी आणि झोपायच्या जागेपाशी, खाली रबर असलेल्या सतरंज्या किंवा योगासनाच्या मॅट अंथरा, पंज्यांच्या गाद्यांमधले केस कापा आणि नखे वाढू देऊ नका. थेट फरशीऐवजी दाट फोमच्या गादीवर जुनी गोधडी घालून त्याला झोपवा. लिफ्ट नसल्यामुळे जिना पूर्ण टळणार नाही. तेव्हा दुमडलेला टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या जरा पुढून घेऊन दोन्ही टोके वर धरा आणि त्याचे काही वजन स्वतः उचला. दिवसातून तीन वेळा दहा-पंधरा मिनिटांचे साखळीवरचे चालणे रविवारच्या एका लांब फेरीपेक्षा फार चांगले. चेंडू मागे धावायला लावणे बंद करा. थंडीत आखडलेल्या सांध्याला दहा मिनिटे कोमट शेक द्या, आणि पिशवी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा.

मांजरीविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला ती कुत्र्याइतकीच महत्त्वाची वाटते. १२ वर्षांवरील १०० मांजरांचे एक्स-रे तपासलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९० मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज आढळली होती. मांजर सहसा लंगडत नाही, कारण तिला दोन्ही बाजूंना सारखेच दुखते; ती उंची सोडून देते. पूर्वी जमिनीवरून थेट ओट्यावर जाणारी मांजर आता आधी खुर्ची, मग ओटा असे दोन टप्पे करते, उतरताना धप्पकन आवाज येतो, कमरेपाशी जीभ पोहोचत नसल्याने तिथले केस गुंततात, नखे वाढून गाद्यांत रुततात, आणि लिटर ट्रेची कड उंच असेल तर ती शेजारीच लघवी करते. ती घुरघुरते म्हणजे सुखात आहे असे मानू नका; दुखणारी मांजरही घुरघुरते. माँट्रियल विद्यापीठात तयार झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मापनपद्धतीत कान, डोळे, मुसकट, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात आणि दहापैकी चार झाले की वेदनाशामकाचा विचार करतात. शस्त्रक्रियेनंतर किंवा एकाएकी उठलेल्या दुखण्यात ती फार उपयोगी पडते. जुन्या सांधेदुखीत मात्र चेहऱ्यापेक्षा उड्याच जास्त सांगतात. मांजरीला औषध देण्याआधी मूत्रपिंडांची तपासणी अटळ आहे, कारण या वयात ती बऱ्याचदा अर्धी थकलेली असतात. तोपर्यंत कपाटाशेजारी एक स्टूल ठेवा आणि कमी उंचीचा ट्रे आणा.

काही प्रसंगी यातले काहीही न करता तडक दवाखाना गाठायचा असतो: मागचे पाय एकाएकी लुळे पडणे, पाय अजिबात न टेकणे, पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या येणे, छाती जमिनीला आणि पार्श्वभाग वर अशा अवस्थेत पुन्हापुन्हा थांबणे, किंवा बोक्याने ट्रेमध्ये कुंथूनही थेंबभर लघवी न होणे. शेवटच्या प्रसंगात रात्र उलटू देऊ नका.

तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत औषधाच्या पंधराव्या दिवशी तेच उठणे आणि त्याच पायऱ्या पुन्हा चित्रित करा आणि दोन्ही चित्रणे डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी लावा. फरक दिसला तर औषध सर्वांत कमी पुरेशा मात्रेवर कसे आणायचे ते त्यांच्याबरोबर ठरवा. फरक दिसला नाही तर स्वतःहून मात्रा वाढवू नका. तेव्हा भूल देऊन काढलेले खुब्याचे आणि गुडघ्याचे एक्स-रे लागतील, आणि साताऱ्याहून त्यासाठी शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. जाताना रक्ताचे अहवाल, आधीच्या इंजेक्शनाचे नाव आणि मोबाइल सोबत असू द्या, आणि भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने त्याला उपाशी केव्हापासून ठेवायचे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा.